टेखच्या जुळणींतील दोष व त्यांचा शोध

गणित, भौतिक वगैरे विषयांचे निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हातीं अलीकडे टेख नांवाची अक्षरजुळणीची रीति येऊं लागली आहे. वरच्या वर्गांतील कांहीं मुलें विज्ञान-प्रदर्शनाचीं टिपणें तिच्या साह्यानें तयार करितात, व पुढें उच्च गणिताच्या अभ्यासास लागणाऱ्या विद्यार्थ्यास तर तिची ओळख बहुधा करून घ्यावीच लागते. ज्यांनीं ती नुकतीच हातीं घेतली आहे त्यांचें एक गाऱ्हाणें वारंवार ऐकूं येतें: यंत्र इंग्रजींत कांहींतरी पुटपुटतें, तें समजत नाहीं, आणि पान भलतेंच निघतें. पालकही विचारतात कीं, पान डोळ्यांपुढें ठेवून लिहिण्याच्या सोप्या सोयी असतां हा खटाटोप कशासाठीं? प्रश्न रास्त आहे. परंतु हें जें पुटपुटणें म्हणतात ती वस्तुतः दोषाविषयींची साक्ष असते. ती वाचतां आली म्हणजे दोषाचें मूळ हातीं लागतें, आणि ती न वाचतां केलेल्या डागडुजीनें पान अधिकच बिघडतें. हें कसें, तें थोड्या उदाहरणांनीं दाखवावें असें आम्हीं योजिलें आहे.

ही रीति अमेरिकेंतील स्टॅन्फर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डोनल्ड कनूथ यांनीं १९७७ सालीं रचावयास घेतली. संगणकशास्त्रावरील त्यांच्या मोठ्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ति निघावयाची होती. पहिली आवृत्ति धातूच्या खिळ्यांनीं जुळविलेली. नव्या आवृत्तीचीं मुद्रितें प्रकाशजुळणीच्या यंत्रावर काढलेलीं आलीं, व तीं पाहून ग्रंथकाराचें मन विटलें. आपल्या ग्रंथाचीं पानें आपणच नीट जुळवावीं असें त्यांनीं मनांत घेतलें. काम वर्षभरांत आटोपेल असा त्यांचा अदमास होता. तें सुमारें दहा वर्षें पुरलें. १९८२ सालीं त्यांनीं सर्व रचना पुन्हां नव्यानें लिहिली. टेख हें नांव तीन ग्रीक अक्षरांचें आहे, व त्यांतील शेवटच्या अक्षराचा उच्चार घशांतून, आपल्या ‘ख’ च्या जवळपास करावा असें कनूथ सांगतात. इंग्रजी बोलणारास तो साधत नाहीं व तो ‘टेक’ म्हणून मोकळा होतो. मराठी जिभेस त्याची अडचण नाहीं. पुढें लेस्ली लॅम्पोर्ट यांनीं टेखवर ‘लाटेख’ नांवाचा सोयीच्या आज्ञांचा थर चढविला, व आज बहुतेक लोक टेख वापरतात ते लाटेखच्या द्वारें.

या रीतींत लिहिणारा स्वतः पान रचीत नाहीं. तो मजकूर लिहितो व त्याबरोबर आज्ञा लिहितो: हा मथळा, हें समीकरण, हें कोष्टक. आज्ञेच्या आरंभीं उलटी तिरकी रेघ असते, आणि आज्ञा ज्यास लागू करावयाची तो मजकूर महिरपी कंसांत घालतात. बाकीचें यंत्र पाहतें. लिहितांना पान डोळ्यांपुढें नसल्यामुळें दोष दिसतो एके ठिकाणीं व असतो दुसऱ्या ठिकाणीं, आणि नवशिक्याच्या हातून आग रामेश्वरीं व बंब सोमेश्वरीं असा प्रकार होतो. तथापि यंत्र आपल्या प्रत्येक खेपेची हकीकत एका वेगळ्या फाइलींत लिहून ठेवीत असतें. तिला इंग्रजींत ‘लॉग’ म्हणतात. आम्ही या लेखांत तिला नोंदवही म्हणूं.

नोंदवही समजण्यास टेखची ओळ कशी बनते तें ठाऊक पाहिजे. जुन्या छापखान्यांतील जुळारी हातांतील पट्टींत एकामागून एक खिळा लावी, शब्द संपला म्हणजे शिशाचा कोरा तुकडा घाली, व ओळ भरत आली म्हणजे ते कोरे तुकडे कमीअधिक जाडीचे बदलून ओळ दोन्ही समासांस घट्ट बसवी. टेखही हेंच करतें. त्याच्या दृष्टीनें प्रत्येक अक्षर ही ठराविक मापाची पेटी, आणि दोन शब्दांमधील जागा ही ताणली अथवा आवळली जाणारी वस्तु. या वस्तूस कनूथांनीं ‘ग्लू’ म्हणजे डिंक असें नांव दिलें आहे. स्प्रिंग म्हटलें असतें तर अधिक शोभलें असतें, पण नांव रूढ होऊन गेलें. कनूथांनीं स्वतः आंखलेला ‘कॉम्प्युटर मॉडर्न’ नांवाचा १० पॉइंटांचा फाँट घेतला तर त्यांत ही जागा ३·३३ पॉइंट असते. ती १·६७ पॉइंट ताणावी व फार तर १·११ पॉइंट आवळावी अशी योजना आहे. एका इंचांत ७२·२७ पॉइंट, म्हणजे एक पॉइंट सुमारें ०·३५ मिलिमीटर. आतां दहा शब्दांची ओळ घ्या. तींत नऊ जागा. तेव्हां ती ओळ १० पॉइंटांहून अधिक आवळत नाहीं, व १५ पॉइंटांपर्यंत सुखानें ताणली जाते.

आवळण्याची मर्यादा टेख कधींच ओलांडीत नाहीं. ताणण्याची ओलांडतें, परंतु त्याबद्दल त्या ओळीस दंड लावतें, आणि हा दंड मोजण्याची रीति गणिताच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ताण मर्यादेच्या जितक्या पट असेल त्या पटीचा घन करून त्यास शंभरानें गुणावें. मर्यादेइतकाच ताण पडला तर दंड १००, दुप्पट पडला तर ८००. दंड कितीपर्यंत चालवून घ्यावा हें ‘टॉलरन्स’ नांवाची संख्या ठरविते. ती सामान्यतः २०० असते. म्हणजे ताण मर्यादेच्या सव्वापटीहून किंचित् पुढें गेला कीं टेखला ती ओळ नापसंत. शिवाय टेख एकेक ओळ सुटी पाहत नाहीं. सबंध परिच्छेद नजरेपुढें घेऊन सर्व ओळींचा मिळून दंड जेणेंकरून कमींत कमी होईल अशा ठिकाणीं ओळी तोडतें. कनूथ व मायकेल प्लास यांनीं ही रीति १९८१ सालीं प्रसिद्ध केली. तिचा परिणाम असा कीं, परिच्छेदाच्या शेवटीं एक शब्द बदलला तरी पहिली ओळ हलूं शकते. मुलांस हें भुताटकीसारखें वाटतें, पण त्यांत गूढ कांहीं नाहीं.

आतां सर्वांत अधिक आढळणारा दोष पाहूं. ओळ उजव्या समासांत बाहेर डोकावते, आणि नोंदवहींत ‘ओव्हरफुल एचबॉक्स’ या शब्दांनीं आरंभ होणारी नोंद सांपडते. समजा, तींत १४·२ पॉइंट अधिक रुंद, ओळी ३१ ते ३६ मधील परिच्छेद, असें आहे. हा आंकडा फार मोलाचा आहे. सर्व जागा आवळून झाल्यानंतरही जें उरलें तें हें १४·२ पॉइंट, म्हणजे सुमारें ५ मिलिमीटर. ओळींचे जे आंकडे दिले आहेत ते लिहिलेल्या फाइलींतील ओळींचे. छापील पानावर एकतिसावी ओळ मोजीत बसणारीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत, त्यांनीं एवढें लक्षांत ठेवावें. आंकडा अर्ध्या पॉइंटाहून कमी असेल तर डोळ्यांस तें कळणारही नाहीं, व त्याकडे दुर्लक्ष करण्यास हरकत नाहीं. पांच मिलिमीटर मात्र कोणासही दिसतात.

नोंदीच्या खालींच त्या ओळीचा मजकूर छापलेला असतो, आणि शब्द जेथें तोडण्यास टेखची तयारी होती तेथें तेथें बारीक आडवी रेघ दाखविलेली असते. नवशिके नेमकें हेंच वाचीत नाहींत. ओळीच्या टोंकाशीं एखादा लांब शब्द असेल व त्यांत एकही रेघ नसेल, तर हा शब्द कोठें तोडावा हें यंत्रास ठाऊक नव्हतें असा त्याचा सरळ अर्थ. शब्द तोडण्याचे नियम टेख फ्रँक लियांग यांच्या पद्धतीनें लावतें. ती त्यांनीं १९८३ सालच्या आपल्या प्रबंधांत मांडली. प्रत्येक भाषेसाठीं अक्षरसमूहांची निराळी यादी असते व तीवरून तोडण्याच्या जागा निघतात. भाषा कोणती हें जर यंत्रास सांगितलेंच नाहीं, तर तें बहुधा इंग्रजी धरून चालतें. मराठीसारख्या भाषेंत, जेथें ‘महाविद्यालयांमधल्याप्रमाणें’ असा शब्द सहज लिहिला जातो, तेथें याचा परिणाम काय होईल तें सांगावयास नको. एवढा मोठा शब्द अखंड राहिला म्हणजे एक तर तो समासांत घुसतो, नाहीं तर त्याच्या आधींची ओळ विरळ होऊन दांत पडलेल्या तोंडासारखी दिसते.

दुसरीं कारणेंही आहेत. ज्या शब्दांत लेखकानें स्वतःच संयोगरेषा घातली आहे तो शब्द टेख त्या रेषेपाशींच तोडतें, इतरत्र तोडीत नाहीं. परिच्छेदाचा अगदीं पहिला शब्द मूळ टेख मुळींच तोडीत नाहीं. एरव्हीं हें कोणाच्या लक्षांतही येत नाहीं, पण कोष्टकाच्या अरुंद रकान्यांत एखादाच लांब शब्द असला तर तोच पहिला शब्द असतो, आणि तो शेजारच्या रकान्यांत शिरतो. अशा वेळीं त्या शब्दाच्या आधीं शून्य रुंदीची जागा घातली म्हणजे तो पहिला राहत नाहीं व तुटूं लागतो. उपाय अगदीं क्षुल्लक दिसतो. परंतु कारण कळल्यावांचून तो कोणास सुचणार?

आतां भलत्या उपायांविषयीं. ओळ बाहेर आलेली दिसतांच पुष्कळ मुलें तेथें सक्तीनें ओळ तोडण्याची आज्ञा घालतात. त्या दिवशीं पान नीट दिसतें. दुसऱ्या दिवशीं वर कोठें दोन शब्द वाढले कीं ती सक्तीची तोड ओळीच्या मध्यावर येते, व अर्धी ओळ कोरी राहते. परिच्छेदाच्या शेवटीं हीच आज्ञा देऊन पुढें कोरी ओळ सोडली तर नोंदवहींत ‘अंडरफुल एचबॉक्स’ व दंड १०००० अशी नोंद येते. दहा हजार हा टेखच्या दंडाचा परमावधि, आणि रिकामी ओळ ताणून भरावयास सांगितल्यावर दुसरें काय होणार? दुसरा आवडता उपाय म्हणजे सबंध लेखाच्या आरंभीं ‘स्लॉपी’ ही आज्ञा लिहून मोकळें होणें. ती टॉलरन्सची संख्या ९९९९ पर्यंत चढविते, म्हणजे जवळजवळ वाटेल तितका ताण खपवून घेते. स्लॉपी म्हणजे गबाळें; करणारांनीं नांवांतच तिचें वर्णन करून ठेवलें आहे. एखाद्या हट्टी परिच्छेदापुरती ती वापरण्यास आमची ना नाहीं, पण सबंध पुस्तकास ती लावणें म्हणजे एका मुलास ताप आला म्हणून साऱ्या वर्गास कोयनेल पाजणें होय.

मग करावें काय? प्रथम भाषा नीट सांगितली आहे कीं नाहीं तें पाहावें. शब्द अपरिचित असेल, विशेषनाम असेल, तर तो कोठें तोडावा हें लेखाच्या आरंभीं एकदां सांगून ठेवावें. त्यानेंही न भागलें तर ‘इमर्जन्सीस्ट्रेच’ नांवाचें माप आहे. तें दिलें म्हणजे नेहमींच्या रीतीनें परिच्छेद बसत नसेल तेव्हांच टेख प्रत्येक ओळीस तेवढा जादा ताण मंजूर करून पुन्हां एकदां हिशेब मांडतें. बाकीच्या परिच्छेदांस धक्का लागत नाहीं. अरुंद रकान्यांत तर दोन्ही समास सरळ ठेवण्याचा हट्टच सोडावा व उजवी कड मोकळी राहूं द्यावी. आणि लेखक स्वतःच जुळारी असला म्हणजे आणखी एक उपाय त्याच्या हातीं असतो, जो छापखान्यांतील जुळाऱ्यास कधींच नव्हता: वाक्य थोडें बदलावें. पुष्कळदां वाक्यही त्यानें सुधारतें.

यंत्र जेथें अडून बसतें ते दोष वेगळे. तेथें नोंदवहींत उद्गारचिन्हानें आरंभ होणारी एक ओळ येते, तिच्याखालीं फाइलींतील ओळीचा आंकडा, आणि मग ती ओळ दोन तुकड्यांत मोडून दाखविलेली असते. वरच्या तुकड्याच्या शेवटापर्यंत यंत्रानें वाचलें होतें. खालचा तुकडा वाचावयाचा राहिला होता. चूक या मोडीच्या उजवीकडे बहुधा नसते. ती तेथेंच किंवा तिच्या पूर्वीं असते, कधीं कधीं पुष्कळ पूर्वीं. उदाहरणार्थ, साध्या मजकुरांत कोणी ‘गुण’ या शब्दापुढें खालची आडवी रेघ घालून अंक लिहिला, तर ‘डॉलर नव्हता, तो घातला’ अशा अर्थाची तक्रार येते. विद्यार्थी चक्रावतो, कारण त्यानें डॉलर मागितलाच नव्हता. खुलासा असा कीं, ही खालची रेघ टेखमध्यें समीकरणांतील पायथ्याचा अंक दाखविते, व समीकरण डॉलरच्या चिन्हांमध्यें लिहितात. म्हणून डॉलर राहून गेला असावा असा यंत्रानें तर्क केला. तर्क चुकीचा होता, पण तो कशावरून केला हें कळलें म्हणजे खरी चूक लगेच दिसते. यंत्र आपल्या तर्काप्रमाणें पुढें चालूं लागतें, मागला सर्व मजकूर तिरपा व चिकटलेला छापतें, आणि परिच्छेद संपतांच पुन्हां तीच तक्रार करतें. यासाठीं नियम असा कीं, पहिली तक्रार तेवढी मनावर घ्यावी, ती दूर करावी, व पुन्हां यंत्र चालवावें. चाळीस तक्रारींपैकीं एकोणचाळीस पुष्कळदां पहिलीचीं पिल्लें असतात.

महिरपी कंस उघडून मिटावयाचा राहिला तर यंत्र तो शोधीत पुढें पुढें धांवत जातें व परिच्छेदाच्या अंतीं ‘रनअवे आर्ग्युमेंट’ म्हणून ओरडतें. कांहीं कंस मात्र असे असतात कीं ते मिटले नाहींत हें लेखाच्या अगदीं शेवटींच उघडकीस येतें. अशा वेळीं डोळ्यांनीं शोधीत बसूं नये, अर्धाअर्धी करावी. लेखाचा उत्तरार्ध तात्पुरता बाजूस ठेवून यंत्र चालवावें. दोष गेला तर तो उत्तरार्धांत. राहिला तर पूर्वार्धांत. मग त्या अर्ध्याचें पुन्हां अर्ध करावें. २५६ पानांच्या ग्रंथांतील दोषी पान या रीतीनें आठ खेपांत सांपडतें, व आणखी पांचसहा खेपांत ओळही सांपडते. शेवटीं दहा-बारा ओळींचा असा एक तुकडा हातीं उरतो कीं ज्यांत दोष आहे आणि दुसरें कांहींच नाहीं. हा तुकडा शिक्षकास दाखवावयाचा. सबंध प्रबंध पुढें टाकून ‘कांहींतरी बिघडलें आहे’ म्हणणारास मदत करणें कठीण. आणि तुकडा लहान करतां करतांच कारण आपलें आपणास उमगलें, असें निम्म्याहून अधिक वेळां होतें.

कनूथांनीं स्वतःच्या चुकांचें काय केलें तें येथें सांगण्यासारखें आहे. टेखच्या रचनेंत सांपडलेला प्रत्येक दोष ते १९७८ पासून एका यादींत टिपीत गेले, आणि १९८९ सालीं त्या यादीवर त्यांनीं निबंध प्रसिद्ध केला. यादींत आठशेंहून अधिक नोंदी असून त्यांचे पंधरा वर्ग पाडलेले आहेत. एक वर्ग नुसत्या हातचुकांचा, एक विसरून राहिलेल्या कामांचा, एक कोणाच्या स्वप्नींही न आलेल्या प्रसंगांचा. पुस्तकांतील चूक दाखवून देणारास ते २५६ सेंट, म्हणजे २·५६ डॉलर पाठवीत. टेखच्या रचनेंतील चुकीचें बक्षीस त्याच रकमेपासून दरसाल दुप्पट होत होत ३२७·६८ डॉलरांवर येऊन थांबलें. दोन्ही रकमांचे सेंट करून पाहावे म्हणजे त्या दोनाचे आठवा व पंधरावा घात आहेत असें दिसेल. २००८ पासून ते खऱ्या धनादेशाऐवजीं एका काल्पनिक पेढीचें प्रमाणपत्र पाठवूं लागले. १९९० पासून टेखमध्यें नवी भर घालणें त्यांनीं बंद केलें आहे. दुरुस्ती झाली कीं आवृत्तीच्या आंकड्यांत एक दशांश स्थळ वाढतें व तो आंकडा वर्तुळाच्या परिघ व व्यास यांच्या गुणोत्तराकडे सरकतो. २०२१ सालची आवृत्ति ३·१४१५९२६५३ होती.

सर्वांत वाईट दोष मात्र ते, कीं ज्यांविषयीं यंत्र अवाक्षर काढीत नाहीं. टक्क्याचें चिन्ह हें त्यांचें मुख्य उदाहरण. टेखमध्यें या चिन्हाचा अर्थ ‘येथून ओळीच्या शेवटापर्यंतचें वाचूं नको’ असा आहे. तें छापावयाचें असल्यास त्याच्यापूर्वीं उलटी तिरकी रेघ पाहिजे. आतां एखाद्या मुलानें गांवच्या पाण्याचा अहवाल लिहितांना एका ओळींत ‘विहिरींपैकीं ४०% विहिरींचें पाणी पिण्यास अयोग्य आहे;’ असें लिहिलें, आणि पुढच्या ओळींत ‘बाकीच्या विहिरींचें पाणी चांगलें आहे.’ असें लिहिलें, अशी कल्पना करा. छापून येतें: ‘विहिरींपैकीं ४०बाकीच्या विहिरींचें पाणी चांगलें आहे.’ ना तक्रार, ना नोंद. अयोग्य पाणी अहवालांतून नाहींसें झालें, आणि वाचणारा फार तर चाळीसच्या पुढें जागा राहिली म्हणून हंसेल. छापील प्रत मूळ मजकुराशीं ताडून पाहण्याचें काम यंत्र कोणाच्याही डोक्यावरून उतरवीत नाहीं, तें असें.

संदर्भांच्या जागीं दोन प्रश्नचिन्हें छापलीं गेलीं तर घाबरूं नये. पानांचे व समीकरणांचे क्रमांक यंत्रास पहिल्या खेपेच्या शेवटीं कळतात व तें ते एका फाइलींत लिहून ठेवतें. दुसऱ्या खेपेस ते जागेवर बसतात. दोनतीन खेपांनंतरही प्रश्नचिन्हें राहिलीं तर खुणेचें नांव दोन ठिकाणीं वेगवेगळें लिहिलें गेलें आहे असें समजावें. कोष्टक लिहिलें त्या ठिकाणीं न येतां पुढच्या पानावर गेलें, हीही तक्रार नेहमींची. तो लाटेखचा नियमच आहे. चित्रें व कोष्टकें तें पानाच्या माथ्याशीं किंवा पायथ्याशीं नेतें, आणि एक कोष्टक मावत नाहीं म्हणून अडलें कीं त्यामागचीं सर्व कोष्टकें रांगेंत उभीं राहतात. तेव्हां शेवटच्या पानावर कोष्टकांची गर्दी झालेली दिसल्यास तींतील पहिल्याची उंची तपासावी.

आतां देवनागरीविषयीं, कारण आमच्या वाचकांस मराठी पानच बहुधा हवें असतें. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत एकोणिसाव्या शतकांत थॉमस ग्रॅहॅम यांनीं देवनागरी खिळे तयार केले, व त्याच छापखान्यांत लहानपणीं काम केलेल्या जावजी दादाजी यांनीं पुढें निर्णयसागर छापखाना काढला. जोडाक्षरांपायीं त्या काळीं खिळ्यांची संख्या शेंकड्यांवर जाई. टेखमध्यें प्रथम फ्रान्स व्हेल्टहाउस यांच्या १९९१ च्या योजनेनें रोमन अक्षरांत मराठी लिहून तिची देवनागरी करीत. २००४ सालीं एस्.आय्.एल्. या ख्रिस्ती भाषाभ्यासक संस्थेचे जोनाथन क्यू यांनीं ‘झीटेख’ प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून सरळ देवनागरींत लिहितां येऊं लागलें. जोडाक्षरें जुळविण्याचे नियम आतां फाँटांतच असतात. पण ते लावावयास यंत्रास लिपि सांगावी लागते. ती सांगितली नाहीं तर ‘किल्ला’ या शब्दांतील वेलांटी ककाराच्या मागें न येतां पुढें जाऊन बसते, आणि दोन लकारांमध्यें पाय मोडल्याची खूण उघडी पडते. मुलें अशा वेळीं फाँटास दोष देऊन दुसरा, तिसरा, चवथा फाँट बसवून पाहतात. फाँट निर्दोष असतो. ‘देवनागरी’ हा एक शब्द सांगावयाचा राहिलेला असतो. पान सबंध कोरेंच निघालें तर मात्र फाँटांत देवनागरी अक्षरें नाहींत असें समजावें, व नोंदवहींत ‘मिसिंग कॅरॅक्टर’ हे शब्द शोधावे.

लिपि सांगितल्यावर भाषाही सांगावी. त्यासाठीं जी पुरवणी सर्वांत प्रसिद्ध आहे तिचें नांव ‘बेबल’. बाबेलच्या बुरुजाची गोष्ट आमच्या वाचकांस सांगावयास नको. मराठी असें सांगितल्यानें शब्द मराठीच्या नियमांनीं तुटतात, आणि फाँटांत तशी सोय असल्यास ल व श हीं अक्षरें हिंदी वळणाचीं न येतां मराठी वळणाचीं येतात. पानावर एखादा ‘ल’ परका वाटला तर प्रथम ही आज्ञा तपासावी.

एक गोष्ट मात्र कोणतीही आज्ञा साधून देणार नाहीं. ‘आचार्यास’ व ‘आचाऱ्यास’ या दोन शब्दांत रकार वेगवेगळ्या रीतीनें लिहावा लागतो. पहिल्यांत साधा र, दुसऱ्यांत नुक्त्याचा ऱ. साधा र लिहिला तर यंत्र बिनतक्रार रफार काढून देतें. संमेलनाच्या अहवालांत मेजवानीचा स्वयंपाक आचाऱ्यांनीं केला असतां तो आचार्यांनीं केला असें छापून आलें, तरी नोंदवही अगदीं स्वच्छ राहते.